मुलाच्या बाजूने : 'एम आणि हूमराव'च्या निमित्ताने

आमच्या मंडळाच्या वाचनसभेत गेल्या तिमाहीत जेरी पिंटो यांच्या 'एम अँड द बिग हूम' या कादंबरीचा शांता गोखले यांनी केलेला मराठी अनुवाद, 'एम आणि हूमराव', वाचला गेला. सभेची रीत वाचकांना ठाऊक आहेच : एकाने पुस्तकाचा परिचय करून द्यावा, मग चहा, मग चर्चा. या वेळी चहा झाला, पण चर्चा सुरू होईना. एका सदस्यांनी अनुवाद सरस उतरल्याचे सांगितले. दुसऱ्यांनी इंग्रजीतले शब्दखेळ मराठीत आणणे किती अवघड असते, याकडे लक्ष वेधले. मग एक ज्येष्ठ भगिनी म्हणाल्या, "पुस्तक चांगलं आहे, पण आपल्या घरांतून असलं काही नसे हो." सर्वांनी माना डोलावल्या आणि सभा संपली.

जिना उतरताना त्याच भगिनींनी आम्हांस थांबवले. खालच्या आवाजात त्यांनी सांगितले, की त्यांच्या आई काही वर्षे पावसाळा संपला की दीड-दोन महिने माजघरातल्या खाटेवरून उठत नसत. ताट तसेच परत जाई. केस विंचरायचे राहून जात. मुलांना ताकीद असे, की कोणी विचारलेच तर 'आईला कणकण आहे' एवढेच सांगायचे. तेव्हा त्यांचे वय नऊ वर्षांचे होते. "मला वाटायचं, मी वर्गात पहिली आले तर ती उठेल. पहिली आले, पण ती काही उठली नाही," असे म्हणून त्या रिक्षात बसल्या. त्यांच्या संमतीने, नाव न देता, हे येथे लिहीत आहोत.

सभेत जे बोलले गेले आणि जिन्यात जे बोलले गेले, त्या दोहोंमधील अंतर हाच या लेखाचा विषय आहे. ज्याला पूर्वी मन लागत नाही, जीव रमत नाही, असे म्हणत आणि आज आपण नैराश्याचा आजार किंवा डिप्रेशन म्हणतो, त्याने आई किंवा वडील ग्रासले असता घरातल्या मुलाचे काय होते? आमच्या मते मराठी साहित्याने या प्रश्नाकडे फार थोडे लक्ष दिले आहे, आणि जेथे दिले तेथे आपण वाचकांनी ते पाहिलेले नाही. 'एम आणि हूमराव' हा प्रश्न मुलाच्या बाजूने विचारते. म्हणून तिचे मराठीत येणे आम्हांस एका चांगल्या अनुवादापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

मूळ कादंबरी २०१२ साली प्रसिद्ध झाली. २०१३ मध्ये तिला 'द हिंदू'चे साहित्य पारितोषिक मिळाले आणि पुढे इंग्रजीसाठीचा २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कारही. पिंटो मुंबईचे, घराणे मूळ गोव्याचे. या लेखनाचे स्वतःच्या आईच्या आजारपणाशी असलेले नाते त्यांनी लपवलेले नाही. कथानक म्हणावे तर थोडकेच आहे. माहीमच्या एका लहानशा सदनिकेत मेंडिस कुटुंब राहते : आई इमेल्डा, म्हणजे एम, वडील ऑगस्टीन, म्हणजे हूमराव, मुलगी सुझन, आणि ही सर्व हकिकत सांगणारा मुलगा, ज्याचे नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. एमचा आजार दोन टोकांचा आहे. उन्मादाच्या काळात ती अखंड बोलते, विड्या ओढते, चहावर चहा पिते आणि मुलांसमोर कोणत्याही विषयाची भीड बाळगत नाही. खिन्नतेच्या काळात ती मरण मागते, आणि केवळ मागून थांबत नाही. तेव्हा तिचा आजार निव्वळ नैराश्याचा नव्हे, हे प्रथम नमूद केले पाहिजे. परंतु मुलाला सर्वांत अधिक पोखरतात ते दिवस खिन्नतेचेच आहेत. उन्मादातली एम त्याला लाजवते, दमवते, कधी हसवतेही. पण ती त्याच्याशी बोलत असते. खिन्नतेतली एम घरात असूनही त्याला मिळत नाही.

बडोद्याच्या रसिकाला या विषयाचा विचार 'एकच प्याला'पासून सुरू करणे क्रमप्राप्त आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले, आणि महिन्याभरात, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग आपल्याच गावी केला. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांच्या आठवणी आमच्या वडीलधाऱ्यांनी इतक्या वेळा सांगितल्या आहेत, की तो प्रयोग आपण स्वतःच पाहिला असे वाटावे. शंभराहून अधिक वर्षे आपण हे नाटक दारूच्या दुष्परिणामांचे नाटक म्हणून पाहत आलो. नाटकातल्या पात्राला वैद्यकीय निदान चिकटवणे हे समीक्षेचे काम नव्हे, आणि ते आम्ही करू इच्छीत नाही. तथापि पहिल्या प्याल्याच्या आधी काय घडते, ते पुन्हा पाहावे. बुद्धिमान, मानी सुधाकराचा भर न्यायालयात अपमान होतो, सनद काही काळ रद्द होते, आणि कर्तबगारीवर उभे असलेले त्याचे सारे अस्तित्व एका दिवसात खचते. तळीराम त्याच्या हाती पेला देतो तो चैनीसाठी नव्हे, तर विसर पडावा म्हणून. पुढे तो दारू सोडतो, काम मागत दारोदार फिरतो, सर्वत्र धुडकावला जातो, आणि मग कायमचा बुडतो. दारू हा त्याचा आजार आहेच, पण तो दुसऱ्या एका दुखण्यावर त्याने स्वतःच शोधलेला उपायही आहे.

आणि मूल? ते तान्हे आहे, आणि बापाच्याच हातून मरते. नाटकात ते मूल म्हणजे सिंधूच्या दुःखाचे माप आहे. त्याला स्वतःचे दुःख असावे इतके त्याचे वय नाही. याबद्दल गडकऱ्यांना बोल लावण्याचे कारण नाही. शोकांतिकेची गरज तशीच होती. पण समीक्षक म्हणून आम्हांस असे वाटते, की एक साधा प्रश्न आपण एवढ्या वर्षांत विचारायला हवा होता : ते मूल जगले असते, दहा वर्षांचे झाले असते, रोज संध्याकाळी बापाच्या पावलांचा आवाज ऐकत अभ्यासाला बसले असते, तर त्याने काय सांगितले असते?

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'त मूल बोलते, हे खरे. कर्जाने, अपमानाने आणि शेवटी आजाराने खचत गेलेले आई-वडील तेथे आहेत, आणि ते मुलाच्या डोळ्यांनी दिसतात. परंतु श्यामचा राग फार वेळ टिकत नाही. त्याचा पश्चात्ताप होतो, आणि पश्चात्तापाची भक्ती होते. त्या पुस्तकाचे सामर्थ्य त्यातच आहे, आणि आमच्या पिढ्या त्यावर वाढल्या याचा आम्हांस आनंदच आहे. पण त्याचा एक परिणाम असाही झाला, की आईविषयी भक्तीवाचून दुसरे काही वाटणाऱ्या मुलाला मराठीत बोलण्याची जागा उरली नाही. जी आई उठत नाही, जवळ घेत नाही, जिचा चेहरा मुलाला पाहून हलत नाही, तिच्या मुलाने कोणत्या शब्दांत बोलावे? तो राग मनात ठेवील तर स्वतःच्या दृष्टीने कृतघ्न ठरेल, आणि बोलून दाखवील तर जगाच्या दृष्टीने.

जयवंत दळवी यांनी या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूस हात घातला. 'अंधाराच्या पारंब्या' या कादंबरीवरून त्यांनी लिहिलेले आणि १९७७ मध्ये रंगभूमीवर आलेले 'बॅरिस्टर' हे नाटक, घराण्यातले वेड आपल्याही अंगात उतरेल या भीतीने पछाडलेल्या माणसाचे नाटक आहे. विक्रम गोखले यांनी ती भीती प्रेक्षकांच्या अंगावर काटा येईल अशी उभी केली. येथे मूल मोठे झाले आहे, विलायतेस जाऊन आले आहे, पुरोगामी विचारांचे आहे; आणि तरीही शेवटी त्याची भीती खरी ठरते. नाट्य म्हणून हे विलक्षण आहे. मात्र त्यातून प्रेक्षक जो निष्कर्ष घरी नेतो तो असा, की रक्तातले सुटत नाही. ज्याच्या घरात असा आजार आहे त्या मुलाने 'बॅरिस्टर' पाहून परतताना काय विचार केला असेल, हे आम्ही तर्काने सांगत नाही. आमच्या ओळखीत असे मूल होते. त्याविषयी पुढे लिहू.

या तीन कृतींनंतर 'एम आणि हूमराव'कडे वळले, की तिचे वेगळेपण ध्यानात येते. येथे मूल जिवंत राहिले आहे, ते बोलते आहे, ते भक्ती करीत नाही, आणि त्याचा शेवट आधीच ठरलेला नाही.

या निवेदकाविषयी पहिली गोष्ट जाणवते ती त्याची नजर. आईवर लक्ष ठेवणे हे त्या घरातले रोजचे काम आहे, जसे पाणी भरणे किंवा दळण आणणे. आज बोलणे वेगाने चालले आहे की थांबत थांबत, विडी पेटवली ती विझू दिली का, मधेच गप्प झाली ती कशाने, हे सर्व त्याला टिपावे लागते. या मुलाला माणसे वाचता येतात, आणि लेखक म्हणून पुढे त्याचे हेच भांडवल ठरते, असे म्हणून काही समीक्षक समाधान मानतील. आम्हांस ते समाधान पटत नाही. ही नजर त्याने कमावलेली नाही, ती त्याच्यावर लादली गेली आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेला एक प्रयोग येथे आठवतो. बाळाशी हसत-बोलत असलेल्या आईला काही क्षण चेहरा पूर्णपणे निर्विकार ठेवण्यास सांगितले गेले. बाळ प्रथम हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते, आईला परत आणण्याचे आपल्याजवळचे सारे उपाय करून पाहते. आणि त्यांचा उपयोग होत नाही असे दिसले की अस्वस्थ होऊन तोंड फिरवते. काही मिनिटांचा हा प्रकार आहे, आणि आई पुन्हा हसली की बाळ सावरते. पण आईचा चेहरा आठवडेच्या आठवडे तसाच राहिला तर? वर्गात पहिली येऊन आईला उठवू पाहणारी नऊ वर्षांची मुलगी तेच करीत होती, जे ते बाळ हात पुढे करून करते.

दुसरी गोष्ट अपराधाची. एम आपल्या मुलाला सांगून टाकते, की तिच्या आजाराची सुरुवात त्याच्या जन्मानंतर झाली. कादंबरीतला हा आमच्या मते सर्वांत कठीण भाग आहे. एम क्रूर नाही. तिला विचारले गेले म्हणून तिने जे अनुभवले ते सांगितले, आणि बाळंतपणानंतर असा आजार उद्भवू शकतो हे वैद्यकास मान्य आहे. परंतु मुलाने ऐकले ते निराळेच : मी आलो आणि ती गेली. लहान मूल जगाच्या केंद्रस्थानी स्वतःला पाहते. घरात पाऊस गळला तरी त्याला आपले काही चुकले असे वाटते. जेथे कोणी काही सांगत नाही तेथे ते कारण स्वतःच शोधते, आणि ते कारण बहुधा ते स्वतःच असते. पिंटोंच्या निवेदकाला निदान आईने ते शब्दांत सांगितले, त्यामुळे त्याला त्याच्याशी झगडता आले. 'कणकण आहे' असे ज्यांना सांगितले गेले, त्यांना झगडायला शब्दही मिळाले नाहीत. असत्य बोलण्याने मुलाचे रक्षण होते हा आपल्या वडीलधाऱ्यांचा समज प्रेमापोटी होता, पण तो चुकीचा होता.

तिसरी गोष्ट वारशाची. बॅरिस्टरची भीती या निवेदकालाही आहे. आईच्या अंगात जे आहे ते आपल्यातही दबा धरून बसले असेल का, हा विचार त्याला सोडत नाही. या भीतीला आधार नाही असे म्हणणे खोटे ठरेल. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मिर्ना वाइसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्यग्रस्त पालकांच्या मुलांचा वीस वर्षे माग ठेवून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या मुलांच्या आई-वडिलांना हा आजार नव्हता त्यांच्या तुलनेत या मुलांमध्ये नैराश्य आणि चिंतेच्या विकारांचा धोका सुमारे तिप्पट आढळला. तिप्पट हा आकडा मोठा आहे. पण तिप्पट धोका म्हणजे अटळ भवितव्य नव्हे. त्यात रक्ताचा वाटा आहे, तसा घरातल्या वातावरणाचा, तंट्याचा, एकटेपणाचा आणि न मिळालेल्या उपचाराचाही आहे. नाटककाराला अटळतेची गरज असते, कारण तिच्यावाचून शोकांतिका उभी राहत नाही. कादंबरीकाराला ती नसते. पिंटो आपल्या निवेदकाला त्या भीतीसह मोठे होऊ देतात, आईच्या मृत्यूपर्यंत आणून सोडतात, आणि तो वेडा होत नाही. या साध्या गोष्टीचे महत्त्व, ती भीती मनात घेऊन वाचणाऱ्यालाच कळेल.

चौथी गोष्ट हूमरावांची. हा गोव्यातून आलेला, स्वतःच्या कष्टाने उभा राहिलेला, मितभाषी माणूस त्या घराचा खांब आहे. तो उपदेश करीत नाही. बायकोच्या आजाराबद्दल तक्रार करीत नाही आणि त्यागाचा बडेजावही मिरवीत नाही. जे करायचे असते ते तो करतो : इस्पितळ, औषध, पैसा, जेवण. मुलांना तो फार काही सांगत नसेल, पण उद्या सकाळीही तो असणार आहे एवढे त्यांना ठाऊक असते. आजारी पालकाच्या मुलाला सावरणाऱ्या गोष्टींत एका स्थिर, प्रेमळ मोठ्या माणसाचे स्थान फार वरचे आहे, हे आज या विषयातले जाणकार सांगतात. तो दुसरा पालकच असावा असे नाही. आजी, मावशी, काका, शाळेतल्या बाई, कोणीही चालते. आपल्या जुन्या एकत्र कुटुंबांत अशी माणसे असत. त्या भगिनींची एक काकू होती, जी रोज त्यांची वेणी घाली. 'आईला बरं नाही, तुझ्यामुळं नाही' एवढे ती काकू बोलली असती तर, असा विचार मनात येतो. पण तिला तरी ते कोणी शिकवले होते?

येथे आणखी एक आकडा देण्याजोगा आहे, कारण तो आशेचा आहे. वाइसमन यांच्याच गटाने २००६ मध्ये दुसरे एक निरीक्षण प्रसिद्ध केले. नैराश्यावर उपचार घेणाऱ्या माता आणि त्यांची मुले अशा १५१ जोड्या त्यांनी पाहिल्या. तीन महिन्यांत ज्या मातांचा आजार ओसरला, त्यांच्या मुलांमधील मानसिक विकारांचे प्रमाण ११ टक्क्यांनी घटले. ज्यांचा ओसरला नाही त्यांच्या मुलांमध्ये ते ८ टक्क्यांनी वाढले. मुलांवर स्वतंत्र उपचार व्हावेत की नाही हा प्रश्न निराळा. पण आईवर केलेला उपचार मुलापर्यंत पोहोचतो, एवढे त्यातून दिसते. म्हणजे 'मुलांसाठी म्हणून सोसले, कोणाला सांगितले नाही' हे आपल्याकडे गौरवाने उच्चारले जाणारे वाक्य मुलांच्या हिताचे नव्हते.

अनुवादाविषयी. शांता गोखले यांनी हे पुस्तक मराठीत आणावे, यात आम्हांस एक संगती दिसते. त्यांच्या स्वतःच्या 'रीटा वेलिणकर' या कादंबरीची नायिका मनाने कोसळून इस्पितळात पडलेली आहे, आणि तिथून ती जे मागे वळून पाहते त्यात लहान वयातच घराची जबाबदारी अंगावर घेतलेली एक थोरली मुलगी आहे. आई-वडिलांनी आई-वडील व्हायचे नाकारले किंवा त्यांना ते जमले नाही, की घरातले एखादे मूल प्रौढ होते. त्या अकाली प्रौढत्वाची किंमत ते पुढे, पस्तिशी-चाळिशीत चुकवते. ज्या लेखिकेला हे ठाऊक होते, तिला पिंटोंच्या निवेदकाचा स्वर परका वाटला नसणार. 'बिग हूम'चे 'हूमराव' करण्यात तिने जे साधले तेही लक्षात घेण्याजोगे आहे. 'राव' या प्रत्ययात आपल्याकडे आदर आहे आणि घरगुती थट्टाही आहे. मुलांनी बापाला पाठीमागे ठेवावे असे ते नाव आहे. माहीमच्या गोवेकर ख्रिस्ती घरातली इंग्रजी मराठीत आणताना ती मध्यमवर्गीय सदाशिवपेठी होण्याचा धोका होता. तो बहुतांशी टळला आहे. आपण बडोदेकर, ग्वाल्हेरकर किंवा हैदराबादकर मराठी वाचकांना या घराची बोली जवळची वाटेल, कारण शेजारच्या भाषा घरात शिरल्या म्हणजे काय होते ते आपण जाणतो.

कादंबरीत उणिवा नाहीत असे नव्हे. पहिली सुझनची. ती त्याच घरात वाढली, तिनेही तेच सोसले, बहुधा अधिक. पण निवेदकाने आपल्या वाटणीत तिला फार थोडी जागा दिली आहे. मुलगी असल्याने तिच्या वाट्याला काय निराळे आले असेल, हे आपण कल्पनेनेच जाणायचे. ज्या समाजात आजारी आईची जागा प्रथम मुलीने भरावयाची असते, तेथे ही उणीव लहान नव्हे. दुसरी उणीव हूमरावांची, की त्यांच्या स्थैर्याला तडा कधी जातो ते पुरेसे दिसत नाही. ज्यांच्या घरात हूमराव नव्हते त्यांना ही व्यक्तिरेखा क्वचित दूरची वाटेल. तिसरी गोष्ट उणीव नव्हे, सावधगिरी आहे. एमला दिलेल्या विजेच्या उपचाराचे वर्णन वाचून वाचकाचा थरकाप होतो. तो काळ निराळा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय हा उपचार करण्यास मनाई केली आहे. आणि तीव्र नैराश्यात तो आजही मान्यताप्राप्त उपचार आहे. त्याच कायद्यात, उपचार घेणाऱ्या मातेपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे दूर केले जाऊ नये, अशीही तरतूद आहे. कायद्याने मुलाची नोंद घेतली आहे, असे म्हणता येईल.

आता शेवटी आपल्याविषयी. आपली घरे येथे गायकवाडांच्या आश्रयाने आली आणि रुजली, ग्वाल्हेर-इंदूरकडे शिंदे-होळकरांच्या. आपली संख्या थोडी आणि ओळखी दाट. कोणाचा मुलगा कोठे आहे, कोणाची मुलगी कोणाकडे दिली, हे सर्वांना ठाऊक असते. जमणारी स्थळे मोजकी. अशा समाजात 'त्यांच्याकडे मानसिक आहे' एवढे एक वाक्य एका पिढीची लग्ने अडवू शकत असे. त्यामुळे आपण लपवले. लपवणाऱ्यांना दुष्ट म्हणण्याचे कारण नाही. त्यांनी मुलींची लग्ने सांभाळली. पण त्याची किंमत मुलांनी दिली, आणि त्या किमतीची कधी कोठे नोंद झाली नाही.

वर ज्या मुलाचा उल्लेख केला ते मूल आम्हीच. आमचे वडील नोकरीतून परतले की माडीवर जाऊन दार लावून घेत, आणि काही वर्षी ते दार महिनोन् महिने जवळपास उघडलेच नाही. 'दादा पडलेत, आवाज करू नका' हे आईचे वाक्य आमच्या बालपणीचे सर्वांत ओळखीचे वाक्य होते. आम्ही अनवाणी चालायला शिकलो, दार न वाजवता लावायला शिकलो. पुढे तारुण्यात 'बॅरिस्टर' पाहिले आणि त्या रात्री झोप लागली नाही. कित्येक वर्षे एखाद्या सकाळी उठावेसे वाटले नाही, तरी मनात पहिला प्रश्न येई तो हाच, की आली का वेळ? दादांना कोणा वैद्याकडे नेले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर आमच्या धाकट्या बहिणीने प्रथमच विचारले, "तुलाही वाटायचं का, की ते आपल्यावर रागावलेत?" तोवर आम्ही दोघांनीही साठी ओलांडली होती. एकाच घरात, एकाच माडीखाली, आम्ही दोघे तोच प्रश्न मनात घेऊन वाढलो आणि एकमेकांस एकदाही विचारले नाही.

वाचनसभेत त्या भगिनी 'आपल्या घरांतून असलं काही नसे' असे म्हणाल्या, तेव्हा माना डोलावणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे सांगितले पाहिजे. पुस्तकाचा परिचय त्या दिवशी आम्हीच करून दिला होता. एमविषयी पाऊण तास बोललो, पण दादांविषयी एक शब्द काढला नाही.

कोणतीही कादंबरी कोणाचा आजार बरा करीत नाही, आणि समीक्षेने तसा दावा करू नये. उपचारासाठी वैद्य आहेत. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवाही आहे. साहित्याचे काम निराळे. ज्याला घरात नाव नव्हते त्याला ते नाव देते, आणि मुलाला सांगते, की असे तुझ्याच घरी झाले नाही. आमच्या नवव्या-दहाव्या वर्षी असे एखादे पुस्तक आईच्या हाती पडले असते, तर तिने माडीकडे बोट दाखवून निदान खरे ते सांगितले असते, असे आम्हांस वाटते.

पुढील तिमाहीच्या सभेसाठी आम्ही 'एकच प्याला' सुचवले आहे, आणि ते मंडळाने मान्य केले आहे. नाटक सर्वांना पाठ आहे. पदेही म्हटली जातीलच. परंतु चर्चा या वेळी पाळण्यातल्या मुलापासून सुरू करावी, अशी आमची विनंती आहे. जिन्यात बोलणाऱ्या त्या भगिनींनी येण्याचे कबूल केले आहे. चहाच्या आधी बोलेन, असे त्या म्हणाल्या आहेत.